अंगठाभर उणी मोट

भरताची वांगी बाजारात आली की लोक ती कशावरून निवडतात, हे मी अलीकडे उभा राहून पाहतो. कुणी वांगं तळहातावर तोलतं. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर आत बी कमी. कुणी साल बघतं, कुणी बोटाने जरासं दाबून सोडतं आणि खड्डा भरून येतो का ते पाहतं. आमच्या जळगावात या बाबतीत प्रत्येकाला मत आहे आणि ते विचारायची गरज पडत नाही. मी मात्र वांगं देठावरून निवडतो. देठ जाड हवा, त्याला किंचित बाक हवा आणि खालची हिरवी टोपी अशी पसरलेली हवी की ती दोन्ही बाजूंना लोंबली पाहिजे. मागच्या आठवड्यात मी एक वांगं उलटंसुलटं करत बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी विचारलं, “भाऊ, तुम्ही वांगं खातस का देठ?”

मी म्हटलं, “दोन्ही लागतं.” त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि पिशवीत कांद्याची पात जास्तीची टाकली.

मार्गशीर्ष लागला की आमच्या गावाचा स्वभाव बदलतो. वर्षाचे आठ महिने उन्हाला शिव्या देणारी माणसं सकाळी अंगणात ऊन शोधत फिरतात. रविवारी दहा-साडेदहाला गल्लीत कुठेतरी काड्या पेटतात, वांग्याची साल करपल्याचा गोडसर, ओला धूर भिंतीवरून येतो, आणि थोड्या वेळाने लाकडी बडगीत मुसळाने वांगी ठेचल्याचा आवाज. धपक, धपक, धपक. हा आवाज कानावर पडला की माझा उजवा अंगठा आपोआप ताठ होतो. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी या अंगठ्याने एक अंतर इतक्या वेळा मोजलं होतं, की ते अंगात मुरलं आहे.

त्या हिवाळ्याच्या थोडं आधी मी निवृत्त झालो होतो. पाइपांच्या कारखान्यात आराखडे काढण्यात माझा जन्म गेला. कागदावर मी हजारो पाइप जोडले, पण हाताने एकही जोडला नाही. म्हणून की काय, मला लहानपणापासून वस्तूंच्या छोट्या प्रतिकृती करायचं वेड आहे. वेड म्हणायचं, कला म्हणवत नाही, कारण कलेत काहीतरी पुरं होत असावं. माझ्या माळ्यावर तेव्हा एका पंखाचं विमान होतं, कळस नसलेलं देऊळ होतं आणि शिडाशिवायचं गलबत होतं. समुद्रापासून इतक्या लांब राहून गलबत करायला घेणाऱ्या माणसाबद्दल शेजारी काय बोलत असतील ते मी ओळखून आहे. माझी बायको लता म्हणायची, “माळ्यावर तुमचं एक गावच वसलंय. फक्त तिथं कुणाला राहता येत नाही.”

मुलगी अश्विनी लहान असताना एकदा त्या गलबताकडे बघून म्हणाली होती, “पप्पा, तुमचं सगळं अर्धंच का असतं?” तिने अगदी सहज विचारलं होतं. मला ते लागलं आणि लागलेलंच राहिलं.

तर त्या हिवाळ्यात अश्विनीला सातवा महिना चालू होता आणि ती पहिल्या बाळंतपणाला संक्रांतीनंतर आमच्याकडे येणार होती. मागची खोली, जिथे माझं टेबल, पट्ट्या, कानशी आणि गोंदाच्या बाटल्या असत, ती तिच्यासाठी रिकामी करायची होती. लताने दिवाळी संपताच सांगून टाकलं, “संक्रांतीपर्यंत जे पुरं होईल ते खाली राहील. नाही झालं ते माळ्यावर.” बोलणं साधं होतं, पण मला कळत होतं की आता माझं वय, गुडघे आणि येणारं नातवंड बघता माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली येणार नाही. मनात म्हटलं, आयुष्यात एक गोष्ट तरी शेवटाला नेऊन दाखवायची. अश्विनी दारातून आत येईल तेव्हा टेबलावर एक पूर्ण वस्तू असली पाहिजे.

ती वस्तू म्हणजे गणपतीपासूनच मनावर घेतलेली मोट. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची, मोटारी आणि इंजिनं यायच्या आधीची.

लताचं माहेर रावेरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. त्यांच्या केळीच्या बागेत एक जुनी बांधीव विहीर आहे. आता तिच्यात मोटार बसवलेली आहे, पण काठावर बैलांच्या जाण्यायेण्याची उतरती वाट, जिला धाव म्हणतात, ती गवताखाली अजून शाबूत आहे. आणि काठाच्या दगडांत दोराने पडलेले चर आहेत, चांगले बोटभर खोल. मी जावई म्हणून पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हापासून त्या चरांत बोट फिरवत आलो आहे. दोरासारख्या मऊ वस्तूने दगड कसा कापला असेल? आणि त्याहून मोठं कोडं म्हणजे, बैल धावेवरून खाली उतरत जातात, माणूस त्यांच्या मागे, विहिरीच्या तोंडाशी कुणीच नाही. मग वर आलेली मोट ओततं कोण? माझं बालपण धुळ्यात, भाड्याच्या खोलीत, नळाच्या पाण्यावर गेलेलं. मोट मी फक्त ऐकली होती.

ओतायचं कोडं तसं लवकर सुटलं. मोटेच्या चामडी पोटाला हत्तीसारखी एक सोंड असते आणि ती एका बारीक दोराने वर दुमडून धरलेली असते. जाड दोर, म्हणजे नाडा, मोटेला वर ओढतो. मोट पुरेशी वर आली की सोंड काठावरच्या दगडी हौदात, थारोळ्यात, येऊन पडते आणि पाणी आपसूक वाहतं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा जुळवलं त्याला मी मनातल्या मनात दोन-तीनदा नमस्कार केला आहे.

दिवाळीला तिकडे गेलो तेव्हा टेप घेऊनच गेलो. लताचा धाकटा भाऊ प्रल्हाद टेपचं दुसरं टोक धरायला आला. प्रल्हाद पन्नाशीला टेकलेला, केळीचा जाणकार बागाईतदार, आणि इतर सर्व विषयांतलाही जाणकार.

“दाजी, काय मोजून रायले?”

“धाव. मोटेची प्रतिकृती करतोय.”

“मंग मले इचारा ना. म्या मोट चालताना पाह्यली नाही, पन मले समदं मालूम हाये.”

त्याने अर्धा तास सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं. विहिरीची खोली, पाण्याची पातळी, धावेची लांबी, धावेच्या शेवटचा तो दगड, जिथून बैल मागे फिरत. तेवढ्यात घरातून लताची हाक आली, चहा गार होतोय म्हणून. ती भावजयीबरोबर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्ही दोघे पुरुष टेप गुंडाळत चहाला गेलो.

जळगावात परतल्यावर काम सुरू झालं आणि कामाबरोबर हाका सुरू झाल्या.

निवृत्त माणूस म्हणजे घरातला बिनकामाचा, म्हणून सगळ्या कामांचा. सिलिंडर आला, उतरून घ्या. भाकरीसाठी ज्वारी-उडदाचा कळणा दळून आणा, गिरणीवाला बारानंतर बंद करतो. कोथिंबीर संपली. समोरच्यांच्या लग्नाची पत्रिका आली आहे, बसवून चहा तरी विचारा. शिलाई मशीनला तेल घाला. लता घरी ब्लाऊज शिवते. लग्नसराईत तिच्या मशीनची टकटक आणि माझ्या कानशीची खसखस एकाच वेळी चालायची, पण उठायची पाळी कायम खसखशीवर. त्यात माझ्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दर दोन तासांनी थेंब. आईला आम्ही माय म्हणतो. तिने सगळा जन्म धुळ्याच्या आसपास काढला, जळगावात येऊन वीस वर्षं झाली तरी तिची अहिराणी तसूभर हललेली नाही.

“भाऊ, डोयामा थेंब टाकी दे रे.”

मी गोंदाचे हात धुऊन थेंब टाकायचो. एकदा ती एक डोळा मिटून टेबलाशी आली.

“काय करी राहिना तू?”

“मोट करतोय, माय. पाणी काढायची.”

तिने सहा इंची पाइपचा तुकडा पाहिला, जी माझी विहीर होती. त्याला बांधलेली फळीची उतरण पाहिली. मग म्हणाली, “आते मोट कोनले लागस? नळ येल शे, पानी भर पहिले.”

नळ खरंच आले होते. मी भरायला गेलो. परत आलो तोवर थारोळ्याची एक भिंत वाकडी चिकटून वाळली होती. ती आजही तशीच आहे.

मला या हाकांचा राग यायचा, नाही असं नाही. पण रागाबरोबर एक कुतूहलही होतं. हाक नेमकी दोन्ही हात गुंतलेले असतानाच का यावी? मी वहीच्या समासात खुणा करायला लागलो. गोंद लावला, बारीक फुली. हाक आली, गोल. फुलीशेजारी गोल पडला नाही असं फार क्वचित दिसलं. मग एका दुपारी मी प्रयोग केला. काहीही न करता, हात मांडीवर ठेवून तासभर टेबलाशी बसलो. एकही हाक नाही. मायला थेंबसुद्धा आठवले नाहीत, मलाच जाऊन टाकावे लागले. याचा उलगडा मला अजून झालेला नाही. लताचं म्हणणं, “तुम्ही रिकामे असता तेव्हा आवाज येत नाही ना, मग तुम्ही घरात आहात हेच विसरायला होतं.” असेलही.

हळूहळू असं झालं की घर ज्या ज्या कामाला मला उठवायचं, त्या कामातलं काही ना काही मोटेत येऊन बसू लागलं. मशीनला तेल घालायला गेलो आणि लताची जुनी बॉबिन उचलून आणली. ती नाड्याचं चाक झाली. लता पुढे आठवडाभर ती शोधत होती आणि मीही तिच्याबरोबर शोधत होतो. मायचा चष्मा ऑपरेशननंतर बदलला, तेव्हा जुन्या चष्म्याचं चामडी पाकीट मला मिळालं. त्याची मोट शिवली. बैल पोळ्याचे, मातीचे, देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले. त्यांच्या पायांखाली चाकं लावली आणि पोटाला लोखंडी नट चिकटवले, म्हणजे ते उतरणीवरून स्वतःच्या वजनाने खाली जातील. लताने देव्हारा पुसताना विचारलं, “बैल कुठे गेले?” मी सांगितलं, “कामाला गेलेत.”

लाकूड मात्र मी स्वतः, फार मन लावून जमवलं होतं. विहिरीवरची चौकट, बैलांचं जू, धावेचे कठडे, सगळ्याला तुराट्या. तुरीच्या वाळक्या काड्यांतून एकेक निवडून, सरळ, करंगळीएवढ्या जाडीच्या, गाठ नसलेल्या. गणपतीपासून पलंगाखाली सुकवलेल्या. जुडी बांधून मी ती मागच्या अंगणात उन्हात ठेवली होती.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी भरताचा बेत होता. धुळ्याहून माझा चुलतभाऊ सहकुटुंब आला, रावेरहून प्रल्हाद आला, येताना भली मोठी हिरवी-पांढरी वांगी घेऊन. मी कळण्याचं पीठ आणायला गिरणीत गेलो होतो. परत आलो तर अंगणात जाळ. वांगी छान फुटत होती, साल काळी पडून गळत होती, आणि प्रल्हाद उकिडवा बसून माझ्या जुडीतली शेवटची तुराटी आत सारत होता.

“दाजी, काड्या कुठून आनल्या? एक नंबर काड्या. जरासा धूर नाही केला त्याह्यनं.”

मी पिठाचा डबा हातात घेऊन उभा राहिलो. चौकट, जू आणि दोन्ही कठडे वांग्यांखाली धगधगत होते. भरताला तुराट्या नाहीतर कपाशीच्या काड्या, हा आमच्या भागातला नियमच. अंगणात वाळलेल्या तुराट्यांची जुडी दिसल्यावर आमच्याकडचा कुठलाही शहाणा माणूस तेच करील. मीच ती अशा महिन्यात तिथे ठेवायला नको होती. लताच्या लक्षात आलं. तिने पदराने तोंड दाबलं, पण डोळे हसलेच. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाइतकं चांगलं भरीत मी पुन्हा खाल्लेलं नाही.

चौकट मग आइस्क्रीमच्या काड्यांची केली. असो.

पौषात सगळं उभं राहिलं. पाइपात पाणी भरलं. बैल धावेच्या वरच्या टोकाला धरले, चामडी मोट खाली पाण्यात बुडाली, बुडबुडे आले. मी बैल सोडले. ते ऐटीत उतरत शेवटच्या दगडापर्यंत गेले. मोट भरून वर आली, वर आली, आणि थारोळ्याच्या काठाखाली अंगठाभर अंतरावर थांबली. सोंड काठावर आलीच नाही. पाणी ठिबकत परत विहिरीत.

नाडा अंगठाभर आखूड केला. आता मोट थारोळ्यापर्यंत आली, पण रिकामी, कारण खाली ती पाण्याला टेकलीच नाही. पुन्हा लांब केला, पुन्हा अंगठाभर उणी. पाइपात पाणी वाढवून काम भागलं असतं, पण विहिरीला उन्हाळा असतो. खऱ्या विहिरीवर मापं तीच होती, मी स्वतः टेपने घेतलेली, आणि खऱ्या विहिरीवर मोट वर्षानुवर्षं ओतली गेली होती. दगडातले चर साक्षीला होते. माझा अंगठा म्हणजे खऱ्या विहिरीवर जवळजवळ हातभर दोर. तो हातभर दोर गेला कुठे?

मी सगळ्यांना विचारलं. प्रल्हादला फोन केला. तो म्हणाला, दोर ओला झाला की आखडतो. दोर ओला करून पाहिला. एरंडोलच्या एका ओळखीच्या नानांकडे, ज्यांच्या घरी पूर्वी दोन मोटा चालत, मुद्दाम गेलो. ते म्हणाले, “बैल चांगले असले तर मोट येतेच वर.” कारखान्यातल्या जुन्या मित्राने गणित मांडलं आणि गणितही अंगठाभर कमीच आलं. चहाच्या टपरीवर विचारलं, न्हाव्याकडे विचारलं. मोबाइलवर दुसऱ्या मुलखांतल्या मोटा पाहिल्या. तीनदा फळी सोडवून पुन्हा बसवली. घरात हाका चालूच होत्या आणि मी त्यांना ओ देणं जवळपास सोडलं होतं. कोपऱ्यात अश्विनीसाठी आणलेला पाळणा गुंडाळून ठेवलेला, आणि संक्रांत चार दिवसांवर.

संक्रांतीआधीच्या त्या रविवारी सकाळी घरापुरतंच भरीत होतं. वांगी भाजून झाली होती. ठेचायचं काम माझं. बडगीत मुसळ चालवायला जोर लागतो. लताने तीन हाका मारल्या. मी ऐकल्या आणि हललो नाही. बैल सोडत होतो, मोट अंगठाभर खाली थांबत होती, पुन्हा वर नेऊन सोडत होतो. मनात ठरून गेलं होतं की हीसुद्धा माळ्यावर जाणार.

लता दारात येऊन उभी राहिली. हाताला राख, आणि एका हातात अर्धवट सोललेलं वांगं, देठाला धरून. ती चिडून आली होती, हे पायांच्या आवाजावरून कळलं होतं. पण तिची नजर मोटेवर गेली. मग म्हणाली, “परत सोडा बघू.”

मी सोडले. बैल उतरले, मोट वर आली, थांबली.

लता जवळ आली. लता माझ्याशी शहरातलं बोलते, माहेरचं बोलणं फक्त भावाशी. पण त्या क्षणी तिच्या तोंडून तेच निघालं.

“अहो, अन् नाड्यावर कोन बसेल हाये?”

मला कळलं नाही. तिने राखेची करंगळी पुढे केली आणि चाक ते बैल असा जो ताणलेला दोर होता, त्याच्या मधोमध हलकेच टेकवली. दोर जरासा दबला. पलीकडे मोट अंगठाभर वर उचलली गेली, सोंड काठावर आली, आणि थारोळ्यात पाणी पडलं. चमचा-दोन चमचे पाणी, पण त्याचा आवाज आला.

ताणलेला दोर मधोमध दाबला की टोकं जवळ ओढली जातात. कपडे वाळत घालायच्या दोरीवर ओली गोधडी टाकली की खुंट्या वाकतात, हे मी रोज पाहत होतो. माझं गणित माणूस सोडून मांडलेलं होतं.

“अर्ध्या धावेवर गेलं की नाड्यावर बसायचं असतं,” लता सांगत होती, नजर मोटेवरच. “बापू बैल हाकायचे. आई खाली मिरचीला पाणी वळवायची. नाड्यावर मी. सात-आठ वर्षांची असेन. पण माझं वजन पुरायचं नाही, मोट थोडी खाली राहायची, अशीच, तुमच्यासारखी. मग आई तान्ह्या प्रल्हादला माझ्या मांडीत द्यायची. दोघं मिळून बरोब्बर. नाडा खाली दबला की झोका घेतल्यासारखं व्हायचं. दुसऱ्याच वर्षी इंजिन आलं.”

“तू कधी बोलली नाहीस,” मी म्हटलं.

“तुम्ही कधी विचारलं नाही.”

तिने ते आरोप म्हणून म्हटलं नव्हतं, वार सांगावा तसं सांगितलं. म्हणूनच मला फार लाज वाटली. तीस वर्षांचा संसार, विहीर तिच्या बापाची, धाव तिच्या पायांखालची. आणि मी एरंडोलला जाऊन आलो, न्हाव्याला विचारून आलो. दोन महिने तिच्या हाका माझ्या कामाच्या आड येतायत असं मी समजत होतो. “चुकलं माझं,” मी म्हणालो.

लताने हातातल्या वांग्याचा देठ टोपीसकट पिळून तोडला, नखाने खालून चिरला आणि नाड्यावर मधोमध बसवला. टोपीचे दोन्ही भाग पायांसारखे दोन्हीकडे लोंबले, बाकदार देठ वर ताठ. मोट उचलली, ओतली. “आता ठेचायला चला,” ती म्हणाली, “वांगी गार झाली.” पण दारापर्यंत जाऊन ती परत फिरली आणि म्हणाली, “अजून एकदा सोडा.” आम्ही चारदा सोडली. मायने थेंबासाठी हाक मारली, तिलाही आणून खुर्चीवर बसवलं. एका डोळ्याने बघत ती म्हणाली, “बठ्ठं पानी सांडी राहिनं,” पण उठून गेली नाही.

संक्रांतीला खोली रिकामी झाली. अश्विनी आली, तिने दारात पाय ठेवल्याबरोबर मी तिला मोट ओतून दाखवली. मोट माळ्यावर गेली नाही. लताने स्वतःच्या शिलाई मशीनच्या शेजारी, बैठकीच्या खोलीत तिला जागा करून दिली आणि बॉबिन ओळखूनही गप्प राहिली.

पुरी झाली असं मात्र म्हणता येणार नाही. शिवरात्रीपर्यंत देठ वाळून हलका झाला आणि मोट पुन्हा अंगठाभर उणी पडू लागली. मी लाकडाचा एक छान माणूस कोरला, फेटा बांधलेला, वजनाला बरोबर. लताने पाहिलं. “हा कोण बाप्या बसवलात?” एवढंच म्हणाली आणि मशीन चालवू लागली. मी त्याला उतरवला. तेव्हापासून दर हिवाळ्यात, भरताची वांगी आली की नवा देठ बसतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात मोट थांबलेली असते. आयुष्यात मी एकच वस्तू शेवटाला नेली आणि ती दरवर्षी पुन्हा शेवटाला न्यावी लागते, याची आता मला गंमत वाटते. हाका अजून येतात. मी उठतो, आणि उठता उठता विचारतो, “काय गं?” आधी हे दोन शब्द मी विचारत नव्हतो. त्यांनी फार काही ऐकायला मिळतं.

परवाच्या रविवारी या हिवाळ्यातलं पहिलं भरीत झालं. मावशींनी काळजीने पाहिलेलं ते वांगं सोलून झालं आणि त्याचा देठ मी नाड्यापाशी नेला. लता ठेच्याच्या मिरच्या निवडत होती. ती उठून आली, हातातल्या एका मिरचीचा देठ खुडला आणि वांग्याच्या देठाच्या पुढ्यात, टोपीच्या खोबणीत खोचला. आजवर तिने असं केलं नव्हतं. मी काही विचारलं नाही, या वेळी विचारायची गरज नव्हती.

प्रल्हाद हात धुऊन आला. अश्विनीची मुलगी, तिसऱ्या वर्षात असलेली, आजीकडे राहायला आली आहे. ती मोटेसमोर बसून बैल सोडत होती. प्रल्हादने तिला नाडा कसा असतो, धाव कशी असते, सगळं सांगायला घेतलं. मग वाकून बघत थांबला.

“अक्का, हे तू, ते मले मालूम हाये. हा म्होरं लहाना कोन?”

“तूच.”

प्रल्हादला माहीत नसलेली गोष्ट मी पहिल्यांदाच पाहत होतो. तो मांडी घालून खाली बसला. मग त्याने स्वतः बैल वर नेले, मोट बुडवली, बैल सोडले आणि अर्ध्या धावेवर दोन बोटांनी ते दोन देठ अलगद नाड्यावर बसवले. नाडा दबला. पाणी पडलं.

“अक्का,” त्याने वर न बघता विचारलं, “म्या पडलो नाही कधी?”

लता मिरच्यांकडे परत गेली होती.

“पडशीन कसा?” ती म्हणाली. “म्या धरून ठेयेल होतं ना तुले.”